तासांची पट्टी आणि ओलिताची पाळी

ऑब्सिडियनसारख्या टिपणवहीत दिवसाची कामे तासांच्या पट्टीवर मांडा, असा उपदेश हल्ली आम्हांला वारंवार होतो. ही पट्टी सारे तास सारखे मानते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा सकाळचे सहा आणि दुपारचे दोन सारखे कसे? आमच्यापैकी ज्यांची शेती आहे, त्यांचे ओलित विजेच्या पाळीवर चालते. ती कधी दिवसा, कधी मध्यरात्री. तरी राहिलेले काम पट्टी आमच्याच आळसाच्या खाती टाकते! आक्षेप या हिशेबाला आहे, नियोजनाला नव्हे. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची प्रार्थना नेमून दिली. तेवढ्या दोन खुणा आम्हांला पुरतात; मधली जागा विजेसाठी मोकळी राहू द्या.