मातेचे ताट आणि नदीचा गाळ

कल्याणनजीक मोहने येथे उल्हास नदीच्या काठी उभ्या असलेल्या रेयॉनच्या कारखान्यास २००९ साली टाळे लागले. कामगारांच्या हालअपेष्टांची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती होणे योग्यच होते. परंतु कारखाना थांबला म्हणून नदीचा भूतकाळ पुसला जात नाही. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो पाऱ्याच्या घटांतून काढण्याची रीत देशात दीर्घकाळ रूढ होती. ती आता जवळजवळ मोडली आहे. पण उल्हासच्या खाडीतील गाळ पाऱ्याने दूषित असल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. ह्या नदीच्या खोऱ्यात कारखाने अनेक. तेव्हा दोष कोणा एकाचा, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. आमची चिंता त्याहून निकटची आहे. ती गर्भवती मातेच्या ताटाची आहे.

गाळातील सूक्ष्म जंतू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो लहान माशात शिरतो, लहान माशाला मोठा मासा खातो, आणि प्रत्येक पायरीस विषाची मात्रा वाढत जाते. म्हणूनच पाणी पिण्याजोगे ठरले तरी त्यातला मासा निर्दोष असेलच असे नाही. धुण्याने वा शिजविण्याने हे विष जात नाही. मातेच्या रक्तातून ते वारेवाटे गर्भापर्यंत पोहोचते, आणि नाळेच्या रक्तात त्याचे प्रमाण मातेच्या रक्ताहूनही अधिक आढळते. ज्या काळात मेंदूची घडण व्हावयाची, नेमक्या त्याच काळात हा घाला पडतो.

जपानातील मिनामाताचे उदाहरण जगापुढे आहे. तेथील रोगाची नोंद १९५६ साली झाली. आणि ज्या मातांना स्वतःस फारसा त्रास जाणवला नव्हता त्यांच्याही पोटी पंगू व मतिमंद बालके जन्मली. फॅरो बेटांवर देवमाशाचे मांस खाणाऱ्या मातांच्या मुलांची सातव्या वर्षी परीक्षा घेण्यात आली, तेव्हा भाषा, अवधान व स्मरण ह्यांत सूक्ष्म उणीव दिसली. हे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले.

मग मासे वर्ज्यच करावेत काय? मुळीच नाही. सेशेल्स बेटांवर समुद्राची मासळी रोज खाणाऱ्या मातांच्या मुलांत तशी हानी दिसून आली नाही. इंग्लंडातील एका मोठ्या पाहणीत तर, आठवड्यास ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासळी खाणाऱ्या मातांचीच मुले शाब्दिक बुद्धिमत्तेत मागे पडण्याचा संभव अधिक आढळला. हे निष्कर्ष २००७ सालचे आहेत. मासळीतील स्निग्ध द्रव्ये मेंदूस पोषक असतात. तेव्हा प्रश्न त्यागाचा नसून निवडीचा आहे. तारली, बांगडा, मांदेली, बोंबील, कोळंबी ही अल्पायुषी मासळी सामान्यतः कमी पाऱ्याची. मोठी मुशी, तलवार मासा, थोराड सुरमई ही अधिक पाऱ्याची. आपल्या किनाऱ्यावर बाळंतिणीस दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देतात. त्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु मोरी ही मुशीचीच जात होय. गर्भारपणी आणि अंगावर पाजण्याच्या काळात ती टाळावी व तिच्या जागी लहान मासळी द्यावी, हे सुनांपेक्षा सासूबाईंनीच आधी मनावर घेतले पाहिजे.

पण लहान मासळीचा हा भरवसा स्वच्छ पाण्यापुरताच. शहरातील सुखवस्तू गृहिणी बाजारात निवड करू शकते. खाडीत जाळे टाकून त्याच दिवशीची चूल पेटविणाऱ्या घरातील स्त्रीस ती मुभा नाही. तिने बोईट, चिवणी वा निवटी खावी की नाही, हे तिला कोणी सांगावयाचे? हे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, अन्न प्रशासनाचे आणि महापालिकेचे आहे. मोहन्यापासून खाडीच्या मुखापर्यंतची मासळी नियमाने तपासावी; आकडे मराठीत, मासळीबाजारात व प्रसूतिगृहांत लावावेत; आणि जेथे धोका दिसेल तेथे कोळी बांधवांच्या उपजीविकेची सोय आधी करावी, मनाई मागाहून. मिनामाताचे नाव धारण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने २०१८ साली मान्यता दिली आहे. दिल्लीत दिलेल्या त्या वचनाची किंमत उल्हासच्या काठीच ठरावयाची आहे. ज्या बालकाने अजून जग पाहिलेले नाही, त्याच्याकडून मागील पिढीच्या उद्योगाचे देणे वसूल होता कामा नये.