लसीचा शिक्का आणि मलेरियाचा ताप

मार्च-एप्रिल उजाडला की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येतो. "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात नायजेरियाला निघायचंय. ती पिवळ्या तापाची लस तुमच्याकडे मिळेल का?" विचारणारा बहुधा तिशी-पस्तिशीचा, धाटावच्या एखाद्या कारखान्यात ऑपरेटर किंवा फिटर म्हणून काही वर्षे काढलेला. पगार चांगला, घरावर कर्ज, एजंटाची घाई. पावसाळ्याआधी तिकडे रुजू व्हायचे असते.

ही लस पेण-रोह्याच्या दवाखान्यांत मिळत नाही. मुंबईत बंदर आणि विमानतळाच्या आरोग्य कार्यालयांसह मोजक्याच सरकारमान्य केंद्रांवर ती टोचतात. टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. म्हणजे परवा विमान आणि आज लस, हा हिशेब जमत नाही. लस जिवंत पण दुर्बल विषाणूंची असल्याने गर्भवती, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, प्रतिकारशक्ती कमी झालेले आणि साठीपुढचे यांनी ती विचारूनच घ्यावी.

आपले सरकारही या प्रमाणपत्राबाबत कडक आहे, आणि ते योग्यच आहे. पीतज्वर भारतात नाही. पण तो पसरवणारा एडिस डास मात्र आपल्या अंगणातल्या पिंपात, टायरात वाढतो. म्हणून पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राविना येणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात.

माझी तक्रार वेगळीच आहे. पासपोर्टसोबत ते पिवळे पुस्तक हाती पडले की मंडळी निर्धास्त होतात. पश्चिम आफ्रिकेत प्रवाशाला खरा धोका मलेरियाचा आहे, आणि त्यासाठी कुठल्याही खिडकीवर शिक्का मागत नाहीत. जगातल्या मलेरियाच्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा एकट्या नायजेरियाचा आहे. तिथला मलेरिया मुख्यत्वे फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. क्लोरोक्विन त्याच्यावर चालत नाही.

"आम्ही कोकणातले, डासांतच वाढलो, आम्हाला काय होणार?" असे हसून सांगणारे भेटतात. हा भ्रम आहे. तिथल्या मोठ्या माणसांना लहानपणापासून वारंवार ताप येऊन थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. ती पेणच्या माणसाला नसते. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. मेफ्लोक्विन निघण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करावी लागते. डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. गोळ्या मध्येच सोडणे हीच सर्वांत मोठी चूक. रात्री औषध लावलेली मच्छरदाणी हवीच.

पावसाळ्याआधी जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लागोसचा किनारा आपल्यासारखाच दमट. तिथे पाऊस मार्च-एप्रिलमध्येच सुरू होतो. उत्तरेला कानोकडे मात्र मे-जूनपर्यंत कोरडा उन्हाळा, पारा चाळिशीवर. आपल्याला घामाने सदरा भिजण्याची सवय. तिथे घाम अंगावरच सुकतो आणि पाणी किती गेले ते कळत नाही. तहान लागण्याची वाट पाहू नये. ओआरएसची पाकिटे सोबत न्यावीत. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुसरे म्हणजे, याच कोरड्या दिवसांत, डिसेंबर ते जून, तिथल्या उत्तर पट्ट्यात मेंदूज्वराची साथ येते. त्याचीही लस आहे. ती निदान दहा दिवस आधी घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. हा माणूस सुट्टीवर येतो तो नेमका जून-जुलैत. आठ दिवसांनी अंग मोडून ताप भरतो. घरचे म्हणतात, पावसात भिजला, साथीचा असेल. डॉक्टरही लेप्टो, डेंग्यू असा विचार करतात, कारण रायगडात पावसाळ्यात तेच दिसते. दोन दिवस क्रोसिनवर जातात. फाल्सिपेरमच्या रोग्याला ते दोन दिवस जीवघेणे ठरू शकतात. एका वाक्याने हे टळते: "डॉक्टर, मी आफ्रिकेतून आलोय." हे वाक्य रोग्याने स्वतःहून सांगावे, आणि आम्ही डॉक्टरांनी प्रत्येक तापाच्या रोग्याला बाहेरगावचा प्रवास विचारावा. परतल्यावर तीन महिन्यांपर्यंत, क्वचित त्यानंतरही, आलेला ताप मलेरिया नाही हे सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजावा. रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी; पहिली निर्दोष आली तरी पुन्हा करावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. मलेरिया पसरवणारे डास आपल्याकडेही आहेत, हे शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही विसरून चालणार नाही.

माणसे पाठवणाऱ्या कंपन्या आणि एजंट यांना माझे सांगणे एवढेच: तिकीट काढण्याआधी निदान चार आठवडे द्या आणि गोळ्यांचा खर्च तुम्ही उचला. घरच्या बायामाणसांनीही लक्ष ठेवावे. पापड-लोणच्यांची बरणी भरताना मच्छरदाणी बॅगेत पडली की नाही, तेही पाहावे.