ओझे काढा, आडोसा काढू नका



गेल्या पंधरवड्यात एका ताईंचे पत्र आले. त्या लिहितात, "साहेब, आमचा धाकटा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. सुट्टीत आला की मोबाइलवर मोटारींच्या शर्यती बघत बसतो. आता म्हणतो, तसलीच, पण रस्त्यावर चालेल अशी मोटार मी तयार करणार. गोठ्यामागची जुनी जीप त्याने खोलून ठेवली. परवा तर ट्रॅक्टरचे मागचे दोन्ही मडगार्ड काढले. म्हणतो, वजन कमी झाले, डिझेल वाचेल. मालकांचा पारा चढला. आठ दिवस झाले, बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्हीच काही सांगा."

ताई, मी शेतकीचा पदवीधर, मोटारींचा इंजिनिअर नव्हे. पण नांगर, पेरणीयंत्रे आणि मळणीयंत्रे यांच्या संगतीत माझी तीस वर्षे गेली. त्या बळावर सांगतो, तुमच्या मुलाच्या डोक्यात आहे ते खूळ नाही. जाणत्या माणसांनी ते करून दाखवले आहे. मात्र त्यांनी काय काढले आणि काय ठेवले, हे त्याने नीट पाहिलेले दिसत नाही. म्हणून आज शेतीची गोष्ट थोडी बाजूला ठेवू.

शर्यतीची मोटार तुम्ही चित्रात पाहिली असेल. मधोमध एक निमुळते अंग, त्यात एकटा चालक आणि चारही चाके अंगाबाहेर उघडी. आपल्या ट्रॅक्टरची चाकेही अशीच बाहेर असतात. फरक असा की ट्रॅक्टर ओढण्यासाठी केलेला असतो आणि ती मोटार पळण्यासाठी.

गॉर्डन मरे नावाचे एक आराखडाकार आहेत. जन्म दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचा, साल १९४६. पुढे ते इंग्लंडला गेले आणि ब्रॅबहॅम संघासाठी शर्यतीच्या मोटारी आखू लागले. त्यांच्या मोटारींवर ब्राझीलचा नेल्सन पिके १९८१ आणि १९८३ साली जगज्जेता झाला. याच मरे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस क्राफ्ट या जुन्या शर्यतपटूबरोबर रस्त्यावर चालणारी एक छोटी मोटार काढली. नाव रॉकेट. रूप हुबेहूब १९६० च्या दशकातल्या शर्यतीच्या मोटारीचे. छप्पर नाही, दारे नाहीत. दुसरा माणूस बसायचा तो चालकाच्या मागे, मोटारसायकलवर बसतात तसा.

आता तिचे वजन ऐका. सुमारे ४ क्विंटल! आपल्याकडच्या एखाद्या थोराड बैलाएवढे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरग्लासचे पातळ अंग आणि इंजिन यामाहा मोटारसायकलचे, १,००० सी.सी.चे. ताकद १४० अश्वशक्तीच्या आसपास. आपला ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण १,८०० किलोचा धरा. म्हणजे ट्रॅक्टरच्या एका अश्वशक्तीच्या वाट्याला ५० किलो ओझे येते, तर रॉकेटच्या वाट्याला ३ किलोसुद्धा येत नाही. ती उधळल्यासारखी पळते याचे कारण इंजिन अवाढव्य आहे हे नव्हे, तर ओझेच नाही हे आहे. आणखी एक गंमत. मोटारसायकलच्या पाच गिअरना मरे यांनी मागे दोन टप्प्यांची जोड दिली, अगदी आपल्या ट्रॅक्टरच्या हाय-लो सारखी. त्यातच मागे जाण्याची, म्हणजे रिव्हर्सचीही सोय केली.

ओझे कमी केले की एकाच ठिकाणी लाभ होत नाही. अंग हलके झाले की लहान इंजिन पुरते. लहान इंजिनाला तेल कमी लागते, म्हणून टाकी लहान. थांबवायला कमी जोर लागतो, म्हणून ब्रेक लहान, टायर अरुंद, स्प्रिंगा हलक्या. एक शेर काढला की त्यामागून दुसरा आपोआप निघतो. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन ही मोटार याच विचारावर काढली होती.

ओझे कुठे ठेवायचे हेही महत्त्वाचे. बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, जू वर उचलते. पुढे जास्त भरली की बैलांची मान मोडते. शहाणा गाडीवान भार आसाच्या आसपास ठेवतो. शर्यतीच्या मोटारीतही तेच. इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या अलीकडे. भार मध्यावर असला की वळणावर मोटार चटकन वळते.

आता तुम्ही विचाराल, एवढी हलकी मोटार जमिनीला धरून कशी राहते? ट्रॅक्टर घसरायला लागला की आपण मागच्या टायरात पाणी भरतो, लोखंडी वजने लावतो. शर्यतवाल्यांना वजन नको, पण पकड हवी. म्हणून १९६८ साली त्यांनी मोटारीवर उलटे पंख बसवायला सुरुवात केली. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबतो. पण हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा केला की दाब पावच उरतो. म्हणून गावच्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला पंख लावणे म्हणजे नुसती शोभा.

आणि हलकेपणाचाही अतिरेक होतो. १९६९ साली स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत दोन लोटस मोटारींचे उंच पंख काटकुळ्या खांबांवर उभारले होते. एकाच शर्यतीत दोन्ही मोडले आणि दोन्ही मोटारी आदळल्या. ग्रॅहम हिल थोडक्यात बचावले, योखेन रिंट जखमी झाले. त्यानंतर तसे उंच पंख बंद करण्यात आले. तेव्हा भार वाहणारी वस्तू बारीक करताना शंभरदा विचार करावा.

ताई, आता मुद्द्यावर येतो. रॉकेट शर्यतीच्या मोटारीसारखी दिसते खरी, पण रस्त्यावर आणताना मरे यांनी तिला दिवे दिले आणि उघड्या चाकांवर सायकलसारखे अरुंद मडगार्ड बसवले. ज्याने आयुष्यभर एकेक किलो काढला, त्याने मडगार्डाचे वजन मात्र आनंदाने सोसले. शर्यतीच्या मैदानात चाकाला चाक घासले तर मागची मोटार पुढच्या चाकावर चढून हवेत जाते. तिथे चालक शिरस्त्राण घालून, पट्ट्यांनी बांधून बसलेला असतो. आपल्या रस्त्यावर म्हातारी माणसे, शाळेची पोरे, शेळ्या असतात.

आपल्याकडे शर्यतीचा छकडा हलका करतात. पण त्या छकड्यात ऊस भरून कोणी कारखान्यावर नेत नाही. शर्यत वेगळी, संसार वेगळा.

ट्रॅक्टरच्या मडगार्डाचे वजन ते किती? अठराशे किलोत त्याचा हिशोब लागणार नाही. त्यातून डिझेल वाचत नाही. उलट पकड मिळावी म्हणून आपणच वजन वाढवतो. पण ते पत्र्याचे पाखे फिरते चाक आणि माणूस यांच्या मध्ये उभे असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीत नवा होतो तेव्हा एका गावी मळणीयंत्राचे प्रात्यक्षिक होते. पट्टा सारखा उतरत होता, म्हणून चालकाने पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली. मी पाहिले, पण मंडळी खोळंबली होती म्हणून गप्प बसलो. घटकाभरात पेंढ्या सारणाऱ्या माणसाची बाही पट्ट्यात गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे गेली. नंतरही तो मला बाजारात भेटे, तेव्हा रामराम डाव्या हाताने करी. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसलो, हे मी विसरलेलो नाही.

बाळ, हे तुझ्यासाठी. आज संध्याकाळच्या आत दोन्ही मडगार्ड जागेवर बसव. मग वही घे आणि जीपचा एकेक भाग वजनकाट्यावर ठेवून लिहून काढ. प्रत्येकापुढे तीन प्रश्न मांड: हा भार वाहतो का? हा माणसाला राखतो का? का नुसताच बसला आहे? मरे यांच्यासारख्यांचे काम इथूनच सुरू होते. ती जीप मात्र मनाने कापून जोडून रस्त्यावर आणू नकोस. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे फेरफार करता येत नाहीत. हौस पुरी करण्याचा रस्ता वेगळा आहे. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी उघड्या चाकांची मोटार स्वतः आखून, बांधून, मैदानात पळवतात. आपल्या देशात 'सुप्रा' नावाची अशी स्पर्धा २०११ पासून सुरू झाली. तुझ्या गुरुजींना विचार. तिथे पहिल्यांदा सुरक्षिततेची तपासणी होते, मगच वेग.

आणि दादा, तुमच्यासाठी एकच. मडगार्ड बसवताना पाना पोराच्या हातात द्या आणि नट तुम्ही धरा. एवढ्याने बोलणे सुरू होईल. पोराने इंजिन खोलले म्हणजे घर मोडले असे नाही. ज्याला खोलता येते त्याला बांधताही येते, फक्त शेजारी कोणीतरी जाणते उभे पाहिजे.

मंडळी, तुमच्याही ट्रॅक्टरवर, कडबाकुट्टीवर, मळणीयंत्रावर एकदा नजर टाका. काढून ठेवलेली एखादी जाळी, एखादे झाकण कोपऱ्यात गंजत असेल, तर सुगीच्या आधी ते बसवा.

पुढच्या अंकी पुन्हा शेताकडे वळू.

तुमचा,
विस्तार अधिकारी (कृषी)