पुडीत काय आहे?

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात संध्याकाळी सातनंतर दवाखान्यांची बाकं भरतात. बाजार समितीत रात्रीच्या कामाला निघण्याआधी टेकलेले माथाडी, टीटीसीतल्या कारखान्यांतून सुटलेले कंत्राटी कामगार, कडेवर तापलेलं लेकरू घेऊन आलेल्या बाया. नंबर लागला की दोन मिनिटांत जीभ, घसा, छाती बघून होते आणि पलीकडे कंपाउंडर डब्यांतून सुट्या गोळ्या काढून कागदाची पुडी बांधतो. एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. तीन दिवसांत उतरलं नाही तर परत या. पुडीवर १-०-१ असं लिहिलेलं असतं, क्वचित रुग्णाचं नावही. औषधाचं नाव मात्र नसतं.

ताप उतरला तर कुणाचं काही बिघडत नाही. उतरला नाही तर माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो, आधी काय घेतलंत? ‘पांढरी गोळी होती, लांबट.’ लांबट पांढऱ्या गोळीत पॅरासिटामॉल असू शकतं आणि सेफिक्झिमही. दुसरा डॉक्टर अंदाजाने आणखी वरची गोळी लिहितो. प्रतिजैविकांच्या गैरवापराबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, त्यात रुग्णाला भरपूर झापलेलं असतं. तो अर्धवट डोस सोडतो, शेजाऱ्याची गोळी घेतो, मनाने विकत आणतो. यात खोटं काही नाही. पण आपण काय खातो आहोत हेच ज्याला कुणी सांगितलेलं नाही, त्याच्याकडून शिस्त कसली मागायची?

पुडीला सरसकट नावं ठेवण्याचंही कारण नाही. तपासणी आणि औषध एकाच फीमध्ये मिळतं, म्हणून हातावर पोट असलेला माणूस डॉक्टरची पायरी चढतो. आपल्या रुग्णाला स्वतः औषध देण्याची मुभा डॉक्टरांना कायद्यानेही आहे. हरकत एवढीच, की ती पुडी मुकी असते. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, अशी दुरुस्ती वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच आपल्या आचारसंहितेत केली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यापुढे जाऊन, प्रतिजैविक लिहिताना ते कशासाठी देत आहोत हेही चिठ्ठीवर लिहा, असं कळवलं. पण जिथे चिठ्ठीच नसते तिथे लिहायचं कुठे?

ज्यांना संध्याकाळचा दवाखानाही परवडत नाही किंवा तेवढा वेळ नाही, ते थेट मेडिकलवर जातात. ‘अंग दुखतंय, घसा धरलाय, काहीतरी स्ट्राँग द्या.’ दुकानातला पोरगा कात्रीने स्ट्रिपचा तीन गोळ्यांचा तुकडा कापून देतो. स्ट्रिपच्या कडेला उभी लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका, एवढंच सांगणाऱ्या या रेघेची मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढली होती. गंमत अशी, की कापलेल्या तुकड्यावर ही रेघ बहुधा शाबूत राहते. कात्रीखाली जातं ते औषधाचं नाव नाहीतर मुदतीची तारीख. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशियाई नियतकालिकात भारतातल्या खासगी औषधविक्रीचा अभ्यास आला. त्यात २०१९ साली सर्वाधिक खपलेलं प्रतिजैविक होतं ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी. सर्दी-घशावर ‘तीन दिवसांचा कोर्स’ म्हणून जी मागून घेतली जाते, तीच ही. सर्दी विषाणूची. घसादुखीही बहुतेक वेळा विषाणूचीच. त्यावर ही गोळी काडीचंही काम करत नाही. तीन दिवसांत बरं वाटतं ते गोळी घेतली नसती तरी वाटलंच असतं.

आता टायफॉईडकडे वळू, कारण नवी मुंबईत हा प्रश्न सगळ्यात उघडा पडतो तो या तापात. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉईड बरा होत असे. ऐंशीच्या दशकाअखेरीस ते आणि त्याच्या जोडीची जुनी औषधं लागू पडेनाशी झाली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं, आणि तेही इतक्या सढळ हाताने वापरलं गेलं की आज भारतातल्या टायफॉईडच्या बहुसंख्य जंतूंवर ते भरवशाचं उरलेलं नाही. आता मुख्य भिस्त ॲझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रियाक्झोनसारख्या औषधांवर. म्हणजे घशासाठी काउंटरवरून उचललं जातं तेच ॲझिथ्रोमायसिन. सिंध प्रांतातल्या हैदराबादेत २०१६ पासून पसरलेल्या टायफॉईडवर तर सेफ्ट्रियाक्झोनही चालेना. तोंडाने घ्यायचं उपयोगी औषध जवळपास ॲझिथ्रोमायसिन एवढंच उरलं. यात एक दिलासाही आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर थांबला तसे त्याला दाद देणारे जंतू पुन्हा दिसू लागले. औषधाला विसावा दिला तर काही वेळा त्याची धार परतते.

टायफॉईड ओळखायचा तर रक्ताचं कल्चर करावं लागतं. रक्त बाटलीत घालून उबेत ठेवायचं, जंतू वाढले की कोणत्या औषधाने ते मरतात हे तपासायचं. दोन-चार दिवस लागतात. आणि हे रक्त प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्याआधी घेतलेलं बरं; दोन डोस गेले की जंतू बाटलीत वाढेनासे होतात आणि अहवाल ‘काही नाही’ असा येतो. व्यवहारात होतं उलटं. आधी पुडी, मग मेडिकल, मग विडाल ही रक्तचाचणी. विडाल स्वस्त, निकाल लगेच, म्हणून लोकप्रिय. पण जुना संसर्ग किंवा पूर्वी घेतलेली लस यांनीही ती ‘पॉझिटिव्ह’ येते. एकट्या विडालच्या जोरावर टायफॉईड ठरवून दहा-चौदा दिवस प्रतिजैविक घेतलेली माणसं प्रत्येक सोसायटीत सापडतील.

याच शहराने टायफॉईडच्या बाबतीत जगाच्या पुढे एक पाऊल टाकलं होतं, हे नवी मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नाही. १४ जुलै ते २५ ऑगस्ट २०१८ या काळात नवी मुंबई महापालिकेने शहराच्या निम्म्या आरोग्य केंद्रांच्या हद्दीत नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉईडची नवी संयुग्म लस मोफत टोचली. सरकारी यंत्रणेने ही लस मोहिमेद्वारे देण्याची ही जगातली पहिली वेळ. पुढे शास्त्रज्ञांनी लस मिळालेले आणि न मिळालेले विभाग ताडून पाहिले, तेव्हा लसीच्या विभागांतल्या मुलांत कल्चरने सिद्ध झालेला टायफॉईड निम्म्याहून अधिक घटलेला दिसला. ही तुलना करता आली ती कल्चरमुळे. विडालच्या भरवशावर ती झालीच नसती. आणि जो ताप आलाच नाही, त्याच्यासाठी प्रतिजैविकाची एकही गोळी खर्ची पडली नाही.

औषध घ्यायचंच असेल तर? ‘कोर्स पूर्ण करा’ हे सगळ्यांना पाठ आहे, पण कोर्स किती दिवसांचा, हे विचारण्याची पद्धत नाही. गेल्या काही वर्षांत न्यूमोनियासह बऱ्याच सामान्य संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा डोस पुरतो असं दिसून आलं आहे. क्षयरोगात मात्र सहा-सहा महिने हलता येत नाही. म्हणून दिवस डॉक्टरने ठरवायचे, चिठ्ठीवर लिहायचे, आणि मध्येच बरं वाटलं किंवा त्रास झाला तर स्वतः बंद न करता फोन करून विचारायचं. पेनिसिलिनने पूर्वी कधी अंगावर गांधी उठल्या असतील तर ते न विचारताच सांगायचं. गोळी घेतल्यावर ओठ सुजले, दम लागला, तर सरळ इस्पितळ गाठायचं. लेप्टोसाठी पावसाळ्यात दिली जाणारी डॉक्सिसायक्लीन ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळतं. सोबत दूध किंवा ॲसिडिटीचं औषध घेतलं तर ती नीट शोषलीच जात नाही. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी ती डॉक्टरला विचारल्याखेरीज घेऊ नये. मुलांच्या कोरड्या सिरपचं तर वेगळंच. खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं, आणि त्यानंतर ते बाटलीवर लिहिलेले थोडेच दिवस टिकतं. उरलेलं धाकट्याच्या पुढच्या तापासाठी फ्रिजमध्ये ठेवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. ते धाकट्याच्या कामाचं नसतं.

चुकीच्या औषधयोजनेचा हिशेब मुंबईने एकदा पाहिलेला आहे. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना क्षयाच्या औषधांची चिठ्ठी लिहायला सांगितली. चिठ्ठ्या आल्या ६३ तऱ्हांच्या. बरोबर होत्या सहा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०११ मध्ये, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. उदवाडिया आणि सहकाऱ्यांनीच कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगासमोर मांडले. केंद्र सरकारने तेव्हा त्या नावालाच हरकत घेतली होती.

कायदा कमी पडलेला नाही. मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ परिशिष्टातल्या औषधांसाठी, आणि त्यात बरीच वरच्या श्रेणीची प्रतिजैविकं आहेत, दुकानदाराने डॉक्टरचं, रुग्णाचं आणि औषधाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर असण्यावर आणि चिठ्ठीवर सक्ती झाली, तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंदची भाषा केली. ते गेले आणि सक्तीही सैलावली. केरळने २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ नावाने चिठ्ठीविना प्रतिजैविक विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले. महाराष्ट्राला यातलं काय अवघड आहे, हे प्रशासनाने सांगावं. निदान त्या वह्या कधी कोण उघडतो, एवढं तरी.

महापालिकेकडे मागणं आहे ते वेगळं. तीन दिवसांहून जास्त तापलेल्या माणसाचं कल्चर नागरी आरोग्य केंद्रात मोफत व्हावं, तेही पहिल्या गोळीच्या आधी. आणि शहरात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो याचा तक्ता वर्षातून दोनदा प्रत्येक खासगी दवाखान्यात पोहोचावा. पुडी बांधणाऱ्या डॉक्टरालाही मग अंदाजाने चालावं लागणार नाही. केंद्राची वेळही त्या भागातल्या माणसाच्या वेळेशी जुळायला हवी. भाजी बाजारात रात्रभर पोती वाहिलेला माथाडी सकाळी घरी येऊन आडवा होतो आणि उठतो तेव्हा ओपीडी बंद झालेली असते. त्याला उघडा सापडतो तो संध्याकाळचा दवाखाना.