हवेचे निदान आणि पडताळणी

केवळ एका अहवालावर आपण निदान करीत नाही. हवेच्या बाबतीत मात्र धूर व वारा यांच्या अंदाजांवरून संगणकी प्रारूपाने काढलेला आकडा आपण निमूटपणे स्वीकारतो, हे मला पटत नाही. उपग्रहाची साक्षही अपुरीच. १९९९ साली सोडलेल्या ‘टेरा’वरील ‘मोडिस’ हे उपकरण जमिनीपासून वरपर्यंतचे कण सूर्यप्रकाश किती अडवितात, हे मोजत आले. नाकाशी असलेले पीएम २.५ नव्हे. ढगांआडचे त्याला दिसत नाही. हिवाळी रात्री साचणारा धूरही नाही. म्हणून दोहोंचे आकडे जमिनीवरील यंत्राशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे. इंदूरच्या वस्त्यावस्त्यांतून अशी यंत्रे वाढावीत, हा आग्रह आपण डॉक्टरांनीच धरावयास हवा. अन्यथा दमेकऱ्याला ‘पहाटे फिरावयास जा’ असे आपण कोणत्या आधारावर सांगणार?