सही डॉक्टरांची, सुई सिस्टरची

खेड्यातल्या पुष्कळ दवाखान्यांत डॉक्टर आठवड्यातून एकदोनदा येतात. बाकीचे दिवस सिस्टर आणि कंपाउंडरच सांभाळतात. त्यांच्या हातून चूक झाली तर जबाबदार कोण? ज्याने सुई टोचली तोच, असे लोक म्हणतात. कायदा तेवढ्यावर थांबत नाही. गड्याने मालकाच्या कामावर असताना शेजाऱ्याचे उभे पीक नासले, तर भरपाई मालकाकडेही मागता येते. दवाखान्यालाही तोच न्याय आहे.

स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली हे स्पष्ट केले. एका लहान मुलाला टायफॉइडवरचे इंजेक्शन लिहून दिले होते. परिचारिकेने मलेरियावरचे औषध शिरेतून टोचले. मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. डॉक्टरांनी इंजेक्शन स्वतः न देता तिला देऊ दिले, हा त्यांचाही निष्काळजीपणा ठरला. रुग्णालयावर मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई बसली.

सर्वांना मोफत सेवा देणारा दवाखाना १९९५ च्या निकालानुसार ग्राहक कायद्यात येत नाही. पण म्हणून तो मोकळा नाही. दिवाणी दावा लावता येतोच.

हे वाचून डॉक्टरांनी हात आखडता घेऊ नये. सिस्टरला काम देणे हा गुन्हा नव्हे. फौजदारी कारवाईला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे. डॉक्टर भीतीने मागे सरले तर आडगावच्या बाळंतिणीने कोणाकडे जावे?

माझे मत असे की उपाय तीन आहेत. नोंदणी झालेल्या परिचारिकेलाच नेमावे. औषधाचे नाव, प्रमाण आणि ते कसे द्यायचे, हे डॉक्टरांनी केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहावे. शंका आली तर सिस्टरने थांबून विचारावे, आणि विचारले म्हणून तिला कोणी रागावू नये. आपणही "बाई, एक सुई द्याच" असा हट्ट सोडला पाहिजे.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेच्या रखवालदाराकडे सोपविले. पण खर्च दिला आणि परत येण्याचे वचनही दिले. काम दुसऱ्यावर सोपविता येते, जबाबदारी मात्र आपल्याकडेच राहते.