शिबिराचा फोटो छान येतो, पण पोरींच्या हाती काय लागतं?

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. ज्यांचे क्लास आहेत त्यांनी राग मानू नये. मानला तरी चालेल.

कुठे काही वाईट घडलं की आठवडाभरात आपल्या चौकात फ्लेक्स लागतो, 'मुलींसाठी मोफत स्वसंरक्षण शिबिर'. त्यावर पुढाऱ्याचा फोटो मुलींपेक्षा मोठा. मैदानावर तीनशे-चारशे मुली, दोन तास हवेत ठोसे, मग बिस्किटाचा पुडा, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. संध्याकाळी प्रेसनोट माझ्या टेबलावर. इतक्या वर्षांत अशा ढीगभर प्रेसनोट छापल्या, पण एकाही शिबिराचा दुसरा दिवस मी बघितलेला नाही.

हे मी खुर्चीत बसून लिहीत नाही. शाळेत असताना तालमीत गेलो, नंतर कराटे, कॉलेजात ज्युदो आणि पस्तिशीत पोट सुटल्यावर बॉक्सिंग. पैलवान कशातच झालो नाही, पण चारही ठिकाणी मार खाल्लाय. म्हणजे तीन ठिकाणी खाल्ला. चौथ्याचीच गोष्ट सांगायची आहे.

तालमीत वस्तादांनी पहिले काही महिने जोर-बैठका आणि माती उकरणं एवढंच दिलं. मग जोड लावून दिली. समोरचा पोरगा पट काढू देत नव्हता, कारण त्यालाही जिंकायचं होतं. रोज चितपट व्हायचो. फी जवळपास नव्हतीच, पट्टा नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं. जिंकलास की हरलास, एवढाच निकाल.

मग गावात कराटे आलं. पांढरा झगा, जपानी आकडे, दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा. परीक्षेची फी वेगळी, पट्ट्याची वेगळी. तीन वर्षांत तपकिरी पट्ट्यापर्यंत गेलो आणि त्या तीन वर्षांत मला कुणी एकदाही पूर्ण ताकदीने धरलं नाही. ठोसा नाकापासून वीतभर अलीकडे थांबायचा. जोडीदार हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि मी त्याला 'पाडायचो'.

कॉलेजात ज्युदोच्या मॅटवर माझ्यापेक्षा किरकोळ पोराने पहिल्याच दिवशी मला पाच-सहा वेळा आपटला. ते करताना तो जे वापरत होता, ते आपल्या तालमीतल्या धोबीपछाडीचं भावंडच होतं. ज्युदोत आधी पडायला शिकवतात, मग रोज रांदोरी, म्हणजे खरी झटापट. बॉक्सिंगमध्येही तेच. ग्लोव्हज घाला, रिंगमध्ये या, बाकी बोलणं नंतर.

आता कराटेवाले म्हणतील, आमची बदनामी करतोय. अजिबात नाही. क्योकुशिनसारख्या शैलीत पूर्ण ताकदीने भिडतात, त्यांना माझा सलाम. दोष शैलीचा नाही, दुकानदारीचा आहे. पट्ट्यांची पायरी मुळात ज्युदोची. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान सुरू केलं आणि शिकणाऱ्याची इयत्ता कळावी म्हणून दर्जे ठरवले. १९२४ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी ती पद्धत कराटेत आणली. तिथे ती इयत्ता होती. आपल्याकडे तिचं बिलबुक झालं. दुसरीतली पोरं ब्लॅक बेल्ट घेऊन पेपरात फोटो द्यायला येतात आणि आईबापांना वाटतं, चला, लेकरू सुरक्षित झालं.

इथेच खरा धोका आहे. काहीच न शिकलेली मुलगी निदान सावध तरी असते. दोन तासांच्या शिबिरातून आपण तिला खोटा भरवसा देतो. आणि आपण शिकवतो काय? अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी गुंडाला कोपर कसं मारायचं. सरकारी गुन्हे नोंदी वर्षानुवर्षं सांगताहेत की, बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. त्याला 'नाही' कसं म्हणायचं, कुठल्या क्षणी उठून निघायचं, घरी कुणाला सांगायचं, हे त्या मैदानावर कुणी बोलतं का?

शिकवलं तर फरक पडतो, हेही लिहितो. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत विद्यार्थिनींना एकूण बारा तासांचं प्रशिक्षण दिलं. ओळखीच्या माणसाकडचा धोका ओळखणं, ठाम बोलणं आणि अंगाने प्रतिकार, असं तिन्ही. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. तेव्हा स्वसंरक्षण बिनकामाचं आहे असं मी म्हणत नाही. स्वसंरक्षणाचा फोटो बिनकामाचा आहे, असं म्हणतोय.

पैसा नाही, हे कारणही चालणार नाही. समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणासाठी सरकारी शाळेला तीन महिने, महिना ५००० रुपयांची तरतूद आहे. तुमच्या पोरीच्या शाळेत ते तीन महिने खरंच भरले का, की तीन दिवसांत उरकले? शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्यांनी विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आणि तालमी? जिथून खाशाबा जाधवांसारखा गडी १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला, त्या मातीच्या राज्यात कित्येक तालमी आज कुलूपबंद आहेत, नाहीतर मंडळाचं सामान ठेवायला वापरतात. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. पोरी तयार आहेत हो, दारं आपणच लावून ठेवलीत.

तेव्हा पालकांनो, क्लासला पैसे भरण्याआधी तीनच गोष्टी विचारा. आठवड्यातून किती वेळा खरी झटापट होते? पट्ट्याची परीक्षा कोण घेतं आणि त्यात कुणी नापास होतं का? मुलींसाठी बाई प्रशिक्षक आहे का? 'आमच्याकडे कुणी नापास होत नाही' असं उत्तर आलं, तर चप्पल घाला आणि निघा.

नगरपालिकेकडे मागणी एकच. पुढच्या शिबिराचा मंडप, फ्लेक्स, सत्कार यांचा खर्च वाचवा. त्या पैशात एक तालीम दुरुस्त करा, मॅट टाका, एका बाई प्रशिक्षकाला मानधन द्या आणि रोज संध्याकाळी एक तास फक्त मुलींसाठी ठेवा. उद्घाटनाची बातमी मी छापणार नाही. सहा महिन्यांनी तिथे वीस पोरी घाम गाळताना दिसल्या, तर पहिल्या पानासाठी संपादकांशी भांडेन.